शेजारचं रिकामं मशीन

"बाई आहेत का?" असं विचारत ती शिवणाच्या वर्गाच्या दारात उभी राहिली. आत बाई नव्हत्या आणि मुलीही नव्हत्या. सगळ्या जेवायला गेल्या होत्या. खिडकीजवळच्या मशीनवर एक मुलगा तेवढा बसला होता, ओठांत टाचण्या धरून. त्याने मान हलवली... नाहीत. मग भुवया उंचावल्या... काय हवंय?

तिने हात पुढे केला. डांगरीची बाही कोपरापासून फाटून लोंबत होती.

"कडीत अडकली," ती म्हणाली. "आधीच मोठी आहे. सगळ्या डांगऱ्या मुलांच्या मापाच्या आणल्यात. मी दुमडून दुमडून घालते."

त्याने एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचली. "म्हणजे वेल्डिंगची मुलगी ती तुम्हीच."

"आणि शिवणातला मुलगा तुम्हीच."

दोघंही हसली. अख्ख्या तंत्रशाळेला ही दोघं माहीत होती. पोरांच्या वर्गातली एकटी मुलगी आणि मुलींच्या वर्गातला एकटा मुलगा. फक्त एकमेकांना ती कधी भेटली नव्हती.

"हात सरळ धरा," तो म्हणाला. टेप खांद्यापासून मनगटापर्यंत आला, आणि त्याची बोटं मात्र कापडाच्या वरच्या वर राहिली. खिडकीतल्या उन्हात खडूची धूळ तरंगत होती. मशीन घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. परत मिळालेली बाही मनगटावर अशी बसली, की जणू डांगरी आजच तिची झाली होती.

तिने हट्टाने ही वाट धरली होती. दहावीनंतर काही वर्षं धाकट्या भावंडांचं करण्यात गेली, विशी उलटली, आणि मग एका सकाळी ती प्रवेश घेऊन घरी आली ती वेल्डिंगचाच. सुरुवातीला वर्गातली पोरं तिच्या हातातलं काम काढून घ्यायची. "राहू दे, तुला जमायचं नाही." आता त्यांचाच जोड वाकडा गेला की तीच पोरं हळूच तिच्याकडे सरकायची.

त्या दिवसानंतर डांगरीचं काही ना काही बिघडू लागलं. कधी खिसा उसवला, कधी बटण गेलं.

"इतकी बटणं तुटतात कशी?" त्याने एकदा विचारलं.

"वेल्डिंगच्या शेडमधली हवाच तशी."

"हे तर कात्रीने कापलंय."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. "तुम्हाला लावायचंय की चौकशी करायचीय?"

"लावतो," तो म्हणाला. "पण घट्ट लावणार नाही..."

मग शेडमध्ये निळ्या प्रकाशापुढे काळी काच डोळ्यांवर ओढली, की तिला त्या काचेआडच्या अंधारात खिडकीजवळचं ऊन दिसे.

आणि अशातच बाबांनी तो विषय काढला. बाबा बस चालवायचे. स्टँडवर चहा पिताना कुणीतरी म्हणालं होतं, तुमची पोर दिवसभर पोरांच्या घोळक्यात असते म्हणे.

"माझा तुझ्यावर विश्वास आहे गं," बाबा जेवताना म्हणाले. "पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? शिवणात घालतो तुला. तिथे सगळ्या मुलीच असतात. उद्या येऊन बोलतो."

एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. पण आज घास तोंडातच राहिला. त्याच्या शेजारचं मशीन रिकामं होतं. रोज सकाळी तिथे बसायचं, त्याच्या घरघरीत आपली घरघर मिसळायची, काही तोडायला नको, उसवायला नको... मन नुसतं वाहवत गेलं. ती नाही म्हणाली नाही.

सकाळी तिने त्याला सांगितलं. "मी तुमच्या वर्गात येतेय. बाबा आज यायचेत."

तो टीप मारत होता. टीप वाकडी गेली. त्याने मशीन थांबवलं.

"तुला हवंय?"

पहिल्यांदाच तो 'तू' म्हणाला होता. ती त्या एका शब्दाशीच अडखळली, आणि उत्तर राहून गेलं. घंटा झाली.

दुपारी ती शेडमध्ये जाड पट्टी जोडत होती. जोड संपवून तिने मुखवटा वर केला, तर समोर बाबा. हातात सरांनी दिलेली काळी काच. ते बऱ्याच वेळापासून बघत असावेत. सरांनी त्यांच्या हातात हातोडा दिला. "मारून बघा."

बाबांनी मारला. मग बाही सारून अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून मारला. पट्टी वाकली, जोड हलला नाही.

"आमच्या गाडीची पायरी कुणी अशी जोडली असती," बाबा घाम पुसत म्हणाले, "तर परवा ती तुटून एक म्हातारी पडली नसती."

तिला फाटकापर्यंत सोबत घेऊन ते चालत राहिले. "इथेच राहा तू," शेवटी म्हणाले. "लोकांचं मी बघतो. शिवणाच्या वर्गात गेलो होतो आधी. तिथे एक मुलगा आहे, माहीत नव्हतं मला."

"आहे एक," ती चपलेकडे बघत म्हणाली.

"त्यानेच मला शेडमध्ये पाठवलं. आधी तिचं काम बघा म्हणाला. आणखीही एक काहीतरी म्हणाला..."

"काय?"

"ते त्यालाच विचार," बाबा म्हणाले. ओठांच्या कोपऱ्यात आलेलं हसू लपवत त्यांनी बस गाठली.

शिवणाचा वर्ग सुटला होता. तो एकटाच इस्त्री फिरवत होता. वाफेचा ओला, उबदार वास दारापर्यंत येत होता.

"बाबांना काय म्हणालास?"

तो इस्त्री उभी करून ठेवायला विसरला, मग लगबगीने ठेवली. "म्हणालो... ती इथे आली तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल. म्हणूनच सांगतो, आणू नका."

"बाबांच्या तोंडावर?"

"तोंडातून निघून गेलं. तुला राग..."

"मला इथे यायचं होतं," ती म्हणाली. आवाज अगदी खाली आला होता. "शिवण शिकायचं नव्हतं. तुझ्याजवळ बसायचं होतं. आणि ते मी खुशाल करून बसले असते... तू आडवा आलास."

बाहेर आवारातली झाडं हलली. सावल्या टेबलावरच्या कापडावरून सरकत गेल्या.

"मग आता काय करायचं?" त्याने विचारलं.

तिने त्याच्या हातातलं गरम कापड घेतलं, नीट घडी घातली, आणि ती घडी दोघांच्या मध्ये न ठेवता बाजूला ठेवली.

"इस्त्री बंद कर," ती म्हणाली. "मला घरापर्यंत सोड. हळूहळू चालत जाऊ."