अंगणातली हवा

कुंजलता गेली हे मला शाळेच्या गच्चीवर कळलं. दुपारचे दोन वाजले होते आणि मी हवा मोजायच्या यंत्रातला कागद बदलत होतो. फोनवर आमची मुलगी होती. "देउता, लगेच या. मा गेली."

मी आधी कागद बदलला. वीस वर्षांची सवय. सकाळी सहाला घातलेला पांढरा कागद दोनपर्यंत धुळीने काळा व्हायचा; तो काढायचा, नवा घालायचा, वेळ लिहायची. मग खाली उतरलो. घर दोनशे पावलांवर होतं.

तो कागद मी वजनासाठी कार्यालयात दिला नाही.

गुवाहाटीत पौषात हवा हलत नाही. आमच्या फटाशिलला तर तीन बाजूंनी टेकड्या. गार हवा तळाला बसते, वर ऊबदार हवेचं झाकण. चुलींचा धूर, गाड्यांचा धूर, ब्रह्मपुत्रेच्या उघड्या पडलेल्या वाळूची धूळ, सगळं त्या झाकणाखाली. सोडलेला श्वासच पुन्हा घ्यायचा. यंत्र जी हवा ओढत होतं तीच कुंजलता ओढत होती, मिनिटाला चाळीस वेळा. मी मोजायचो. तिने शेवटच्या आठ तासांत सोडलेलं काहीतरी त्या काळ्या कागदावर असणार, असं मला वाटलं. पाकिटात घालून तो कपाटात ठेवला.

कार्यालयात कागदांचं वजन करणारा खगेन श्राद्धाला आला. जाताना हळूच म्हणाला, "दादा, त्या दुपारचा कागद?"

"उडाला."

"पौषात?" तो माझ्याकडे बघत राहिला. "पौषात इथे काय उडतं?"

फाल्गुनात पश्चिमेचा वारा सुटला. शेजारच्या पोफळी हलायला लागल्या. माझ्या अंगणात मात्र उदबत्तीचा धूर सरळ वर जायचा. आडोसा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण आमच्या अंगणाला भिंत नाही, बांबूचं विरळ कुंपण आहे. सकाळी अंगणात उभा राहिलो की खोकला यायचा. फाटकाबाहेर गेलो की थांबायचा.

चैत्र संपत आला तेव्हा शेजारच्या पदुमी बाइदेउ कुंपणाशी आल्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, म्हणून बाइदेउ, मोठी ताई. तोंडात कायम तांबूल.

"द्विजेन, आज बरदैसिला येणार बघ. बाई माहेरी निघाली की चार छपरं उडवूनच जाते. अंगणात पाट मांड, फणी, आरसा ठेव. कुंजलता दर वर्षी ठेवायची."

"वादळ काय वेणी घालायला थांबतं, बाइदेउ?"

"थांबत नसेल. पण बाईमाणसाला कुणी बस म्हटलं की तिचा राग उतरतो. तुम्हा पुरुषांना ते मेल्यावर कळतं."

दर वर्षी बरदैसिलाचं हेच वादळ शहराची हवा धुऊन नेतं. कुंजलता हवा कमी पडून गेली. आता तरी तिने या खोलगट जागेतून सुटावं, एवढंच मला हवं होतं.

चारला आभाळ काळं झालं. मी पाट मांडला. तिची फणी आणि तिचा आरसा ठेवला. मग पाकीट फोडलं, कागद पाटावर ठेवला. त्यावर वजन ठेवलं नाही. वाऱ्याने तो न्यायचा होता.

वादळ आलं. बाइदेउंच्या गोठ्याचा पत्रा उडाला. पोफळी जमिनीपर्यंत वाकल्या. रस्त्यावर पाऊस आडवा पडत होता.

माझ्या अंगणात थेंब पडला नाही.

कागदाचा कोपरासुद्धा हलला नाही. चुलीच्या धुराचा आणि वाळूचा वास येत होता. पौषातला.

मग आरशावर वाफ धरली. गेली. पुन्हा धरली.

उकाड्यात काचेवर वाफ धरत नाही. मी खाली वाकून आरशावर श्वास सोडला. काच स्वच्छ राहिली. मी बाजूला झालो.

वाफ धरली. गेली.

घड्याळ काढून मोजलं. चाळीस.

वाफ धरताना काही नाही. ती आत ओढल्यासारखी विरताना मात्र कागद दर वेळी थोडा फिका होत होता. काळ्याचा राखाडी झाला. मी तो उचलायला हवा होता. मी मोजत राहिलो.

वादळ गेलं तेव्हा कागद पांढरा होता.

कुंपणापलीकडून बाइदेउंनी हाक मारली, "द्विजेन, गेली का रे?"

दुसऱ्या दिवशी कागद खगेनकडे नेला. त्याने तो तोलला, उजेडात धरला.

"कोरा आहे, दादा. वापरायचा राहिलेला दिसतो."

आता आषाढ आहे. नदी दुथडी भरली आहे, गच्चीवरचे कागद पांढरे येतात. अंगणात अजून पाऊस पडलेला नाही. आरशावर काल मोजलं, मिनिटाला बावन्न. बाइदेउंच्या 'गेली का रे'ला मी अजून उत्तर दिलेलं नाही.