पिंपांना सांगायचं राहिलं

बुधवारी दुपारी लिओना ॲडलेडहून लिंडेनथालला पोचली, तेव्हा आईने चुलीत मॅली झाडाची वाळकी मुळं घातली होती आणि टेबलावर शेपूतल्या आंबट काकड्यांची बरणी काढून ठेवली होती. बरणीखाली सरकारी लिफाफा होता, तसाच बंद.

"फोडलासुद्धा नाहीस?"

"कशाला? आत काय आहे ते अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे."

जुन्या द्राक्षवेली उपटून टाका, सरकार भरपाई देईल, अशी ती योजना. शुक्रवारी मुदत संपत होती आणि त्याच दिवशी कृषी खात्याचा माणूस यंत्र घेऊन येणार होता. काय बोलायचं ते लिओनाने वाटेत घोकलं होतं. पणजोबांनी लावलेल्या शिराझ द्राक्षाच्या वीस रांगा आणि एकाहत्तर वर्षांची एकटी बाई. पापा मार्चमध्ये, ऐन तोडणीत गेले. आईला शहरात न्यायचं, तर वेलींचं काहीतरी करायलाच हवं होतं.

"सही कर, आई. यंदा शिराझला कुणी विचारत नाही."

"पहिल्या महायुद्धात सरकारने गावाचं जर्मन नाव उपटलं आणि नकाशावर दुसरंच ठोकलं. तुझी आजी त्या नव्या नावावर आलेलं टपाल मरेपर्यंत परत पाठवत होती. आता वेली उपटायला निघालेत. येऊ देत."

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, हे लिओनाला लहानपणापासून माहीत होतं. झिल्म घराण्यात लग्न करून आलेल्या आईने तो पीळ पापांपेक्षाही घट्ट वळला होता.

"आणि छाटणी कोण करणार? बोटं बघ तुझी."

"छाटणी चाललीय की," आई म्हणाली आणि काकडी कापू लागली.

लिओना बाहेर गेली. जुलैतली, इथल्या ऐन हिवाळ्यातली थंडी होती आणि रांगांमधून पिवळी अंबुशी फुलली होती. सात रांगा छाटलेल्या होत्या. प्रत्येक काडीवर दोन डोळे राखलेले, छाटलेल्या काड्या जुडी करून वेलीच्या बुंध्याशी ठेवलेल्या. काप ओले होते आणि उलट्या बाजूला उतरलेले होते.

पापा डावखुरे होते. चर्चच्या शाळेत मास्तर त्यांचा डावा हात बाकाला बांधून ठेवत. संध्याकाळी सोडला की पापा पुन्हा त्याच हाताने लिहायचे. तीन वर्षांनी मास्तरच दमले. मात्र डाव्या हाताने लिहिताना तळवा ओल्या शाईवरून जायचा आणि त्याची कड कायम निळी असायची. आई ॲप्रनच्या टोकाने तो हात पुसत म्हणायची, "कितीदा सांगितलं, हात उचलून लिहीत जा." लिओना उजव्या हाताची होती. शाळेत गणित शिकवायची आणि फळ्यावर तिची रेघ पट्टीशिवाय सरळ यायची.

शेजारच्या एरविनकाकांचं हे काम असणार, म्हणून ती कुंपणापाशी गेली.

"मी? माझा खांदा वर जात नाही, पोरी. आणि गेला तरी तुझ्या बापाच्या, बर्थोल्डच्या रांगेत मी पाऊल टाकणार नाही."

"का?"

"पिंपांना अजून सांगितलेलं नाही."

मालक गेला की वारसाने तळघरात उतरायचं, वाइनच्या प्रत्येक पिंपावर तीनदा ठोकायचं आणि म्हणायचं, 'मालक गेले. आता मालक मी.' नाहीतर वाइन बिघडते, असं लोक म्हणत. आजोबा गेले तेव्हा पापांनी ठोकलं होतं आणि नऊ वर्षांची लिओना कंदील धरून उभी होती.

"मार्चमध्ये मी गेलो होतो की ठोकायला," काका म्हणाले. "तुझी आई जिन्यावर झाडू घेऊन उभी. म्हणाली, एरविन, खाली उतरलास तर तुझ्यासाठीही चर्चची मयताची घंटा वाजेल."

गुरुवारी सकाळी आठवी रांग छाटलेली होती.

लिओनाने दोनदा मोजलं. रांगेत गवतावर दंव होतं, पांढरं आणि अखंड. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. काड्यांच्या जुड्या मात्र जागच्या जागी होत्या.

ती तडक स्वयंपाकघरात आली. "मी पिंपांना सांगणार आहे. हा खेळ पुरे."

आई अडवेल असं तिला वाटलं होतं. आईने हात धुतले आणि किल्ली पुढे केली.

"तू वारस आहेस, तुला नाही म्हणायचा मला हक्क नाही. पण सांगशील तर दोन्ही वाक्यं सांग. अर्धवट सांगू नकोस."

तळघरात अकरा पिंपं होती. लाकडाचा आणि आंबूस फळाचा वास होता. पहिल्या पिंपावर तिने तीनदा ठोकलं. भरलेल्या लाकडाचा जड आवाज आला.

पहिलं वाक्य तिच्या तोंडून फुटेना.

चार महिन्यांत ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. शाळेत नाही, घरी नाही. प्रेतामागून चालतानाही ती गप्प होती. आता मुकाट पिंपापुढे उभं राहून तिला स्वतःचाच संताप आला.

"आता मालक मी," ती म्हणाली.

पुढच्या पिंपाशीही तेवढंच. अकराही पिंपांना तेवढंच सांगून ती वर आली.

"दोन्ही?" आईने विचारलं.

"हो."

आईने किल्ली परत घेतली.

शुक्रवारी लिओनाला उशिरा जाग आली. मनगट ठणकत होतं. पलंगापाशी तिचे बूट होते, ओले, तळाला पिवळी अंबुशी चिकटलेली.

खिडकीतून तिने रांगा मोजल्या.

बारा.

फाटकावर गाडी थांबली. खात्याचा माणूस भला होता, टोपी काढून बोलत होता. मागे यंत्र घुरघुरत होतं.

"सही तुमची की आईंची, बाई?"

"कुणाचीच नाही," लिओना म्हणाली. तिला स्वतःच्या आवाजाचं नवल वाटलं नाही. "या वेली इथेच राहतील. यंत्र परत न्या."

"द्राक्षं कुणी घेणार नाही."

"मग आम्ही पिऊ."

आई पायरीवर उभी होती. चार महिन्यांत पहिल्यांदा हसली. लिओनाच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"मग नकार लिहून द्या," माणूस म्हणाला आणि त्याने कागद व शाईचं पेन पुढे केलं. तिने गाडीच्या टपावर कागद ठेवून भराभर चार ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. त्याने कागद उचलला, थोडा दूर धरला.

"शाई पसरली हो सगळी."

"पसरू दे."

यंत्र वळलं. धूळ खाली बसली. आई पायऱ्या उतरून आली, तिने लिओनाचा डावा हात हातात घेतला आणि ॲप्रनच्या टोकाने त्याची निळी कड पुसू लागली.

"कितीदा सांगितलं," ती म्हणाली, "हात उचलून लिहीत जा."