पट्ट्याचे नऊ इंच

जुना पट्टा मोजून त्या मापाचा नवा पट्टा आणणाऱ्या माणसाला हातात पाना धरायचाही अधिकार नाही, असं इंचपट्टीचं मत होतं. रबर ताणतं, वापरून वापरून लांबतं, आणि मूर्ख माणसं त्या लांबलेल्या मापालाच खरं धरतात. खरं माप यंत्राचं असतं. पुल्या स्वच्छ पुसायच्या, ताणपुली तिच्या खाचेच्या मधोमध आणायची, पट्टा जिथून फिरतो तिथून सुतळी फिरवायची, आणि मग ती सुतळी टेबलावर सरळ करून मोजायची. हे त्याने शेडमधल्या प्रत्येकाला निदान दहादा ऐकवलं होतं. त्यावरूनच त्याला इंचपट्टी हे नाव पडलं. त्याला ते कौतुकाचं वाटायचं, कारण आपली कुणी टिंगल करू शकतं ही शक्यताच त्याच्या हिशेबात नव्हती.

शेड एका मोठ्या क्रीडासंस्थेची होती. तीन मैदानं, त्यांच्या कडेची हिरवळ आणि प्रेक्षकांच्या बाजूचा उतार, एवढ्याचं गवत एका ट्रॅक्टरने कापलं जायचं. ट्रॅक्टरच्या मागे रुंद, चपटं कापणीयंत्र जोडलेलं असे. त्याच्या पोटाखाली तीन पाती आणि पाठीवर तीन पुल्या. मधल्या गिअरबॉक्समधून निघालेला एकच लांब पट्टा त्या तिन्ही पुल्यांना फिरवी आणि स्प्रिंगवर बसवलेली ताणपुली तो पट्टा घट्ट ठेवी. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. तरीही इंचपट्टीच्या सासऱ्याला एकोणीस वर्षांत ते कळलं नव्हतं.

सासरा या शेडचा आधीचा हेडमिस्त्री. अबोल, वाकलेला, कायम औषधी बामाच्या वासात बुडालेला म्हातारा. यंत्राला एकशे अडतीस इंचांचा पट्टा लागतो हे यंत्राच्या पाठीवरच ठोकलेल्या पत्र्यावर लिहिलेलं होतं. म्हातारा मात्र वर्षानुवर्षं एकशे सत्तेचाळीसचा बसवत आला होता. नऊ इंच जास्त! इंचपट्टीने हे संस्थेच्या साहेबांच्या नजरेला आणून दिलं, सुतळी लावून दाखवलं, आणि म्हाताऱ्याला आता आराम हवा असं वर काळजीच्या सुरात सांगितलं. साहेबांना यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आकडे कळत होते. म्हातारा घरी बसला आणि जावई हेडमिस्त्री झाला, पण तीन महिन्यांच्या बोलीवर. साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं की स्पर्धेच्या वेळी मैदान गालिच्यासारखं दिसलं नाही, तर म्हाताऱ्याला परत बोलावू. त्याच्या काळात यंत्र एक दिवस बंद पडलं नव्हतं.

म्हातारा परत शेडमध्ये येणार आणि आपण त्याच्या हाताखाली पाने पुसणार, ही कल्पनाच इंचपट्टीला सहन होत नव्हती. आधीच म्हातारा त्याच्याच घरात, पुढच्या खोलीत राहत होता. सासू चार वर्षांपूर्वी गेली तेव्हापासून त्याला मुलीशिवाय कुणी नव्हतं. त्याच्या खुर्चीमागे सासूचा फोटो होता. तिने डाव्या तळहाताला पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळलेली होती. ती बाई कधीही पट्टीशिवाय दिसली नव्हती आणि तिला डावी मूठ मिटता येत नसे. काम करून करून हात गेला, एवढंच बायको सांगायची. इंचपट्टीच्या लेखी त्या घराण्यात सगळेच असे अर्धवट होते.

त्याने एकशे अडतीसचा नवा पट्टा बसवला. तो चाळीस मिनिटांत तुटला.

सदोष माल, असं म्हणून त्याने दुकानदाराची अक्कल काढली आणि दुसऱ्या दुकानातून दुसरा पट्टा आणला. या खेपेला पुल्यांवर सरळ पट्टी ठेवून त्या एका रेषेत आहेत का ते पाहिलं, बेअरिंगं हाताने फिरवून त्यांचा आवाज ऐकला, पात्यांत अडकलेलं गवत खरवडून काढलं. पट्टा वीस मिनिटं चालला. तिसरा त्याने जाड दोऱ्यांचा, सगळ्यात मजबूत घेतला. तो दहा मिनिटांत गेला. तुकडा हातात घेऊन त्याने नीट पाहिला. पट्टा कडेने झिजला नव्हता की घसरून जळला नव्हता. दोन्ही बाजूंनी कुणी ओढावा तसा तो मधोमध फाटला होता. शेडमधला ट्रॅक्टरवाला एवढंच म्हणाला की जुन्या मास्तरांच्या वेळी असं होत नव्हतं. इंचपट्टीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा दिवसभर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला राहिला.

स्पर्धा महिन्यावर आली होती आणि गवत घोट्याला लागत होतं. भिंतीवरच्या खिळ्याला म्हाताऱ्याचा एक राखीव पट्टा अजून लटकत होता. त्यावर खडूने १४७ लिहिलेलं होतं. तो पाहून इंचपट्टीला वेगळीच युक्ती सुचली. हा पट्टा बसवायचा, तो कसा ढिला लोंबतो, घसरतो, धूर काढतो ते साहेबांना बोलावून दाखवायचं, आणि यंत्राची वाट याच चुकीच्या मापाने लागली हे एकदाचं म्हाताऱ्याच्या नावावर चढवायचं. त्याआधी म्हाताऱ्याच्या तोंडून मूर्खपणा वदवून घ्यावा म्हणून त्याने घरी जेवताना विषय काढला.

"मामा, ते नऊ इंच जास्तीचे कशाला हो ठेवत होता?"

म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. यंत्राला तेवढे लागतात, असं काहीतरी तो पुटपुटला. बायकोने मान वर केली नाही. इंचपट्टीने हसत हसत सांगितलं की उद्या तुमचाच पट्टा बसवून बघणार आहे.

"तो बसवू नकोस," म्हातारा म्हणाला. "आखूड चालत नसेल तर यंत्र भंगारात दे. साहेबांना नवीन मागव म्हणावं. पण लांब बसवू नकोस."

"मग एकोणीस वर्षं तुम्ही काय केलंत?"

म्हाताऱ्याने डावा हात ताटामागे घेतला. "चूक केली," तो म्हणाला.

इंचपट्टीला मनातून गुदगुल्या झाल्या. म्हाताऱ्याने कबुली दिली होती. वर हा कावाही त्याच्या लगेच लक्षात आला: यंत्र बंद राहिलं म्हणजे साहेब पुन्हा कुणाला बोलावणार? स्वतःच्या जावयाच्या पोटावर पाय द्यायला निघालेला हा माणूस त्याला फक्त कीव करण्याच्या लायकीचा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्याने तो पट्टा चढवला. अपेक्षेप्रमाणे तो पुल्यांवरून सैल लोंबत होता. ताणपुली खाचेच्या शेवटच्या टोकाला जाऊन टेकली, तरी पट्ट्यात बोटभर नव्हे, वीतभर ढिलेपणा होता. साहेब कामात होते, थोड्या वेळाने येतो म्हणाले. इंचपट्टीने यंत्रावरचं झाकण काढून ठेवलं. झाकण काढून यंत्र चालवणाऱ्या दोघांना त्याने पूर्वी चारचौघांत झापलं होतं. पण ते गाढव होते आणि तो इंचपट्टी होता.

ट्रॅक्टरवाल्याने यंत्राला फिरवणारा शाफ्ट सुरू केला.

पट्टा एकदा फडफडला. मग घट्ट झाला.

धूर नाही, किंचाळणं नाही. तिन्ही पाती एका सुरात फिरू लागली. इंचपट्टी खाली वाकला. डावी पुली आणि ताणपुली यांच्या मध्ये पट्टा सरळ जायला हवा होता. तो सरळ जात नव्हता. तो बाहेर, मोकळ्या हवेत जात होता, तिथे वळत होता आणि परत येत होता. वळणाच्या ठिकाणी ना पुली होती, ना खिळा, ना काही. वळण तळहाताएवढं रुंद होतं.

त्याने झाडूचा दांडा घेतला आणि त्या वळणाच्या आतल्या जागेत घातला. दांडा कशालाही लागला नाही.

त्याने दांडा काढून घेतला.

वास मात्र येत होता. तापलेल्या रबराचा, आणि त्याच्याखाली औषधी बामाचा.

त्याने हात वर करून यंत्र बंद करायला लावलं. पुल्या थांबल्या. पट्टा आणखी दोन श्वास तसाच ताठ, हवेत वळलेला राहिला. मग कुणीतरी सोडून दिल्यासारखा खाली पडला.

ट्रॅक्टरवाल्याला त्याच्या जागेवरून काही दिसलं नव्हतं. पट्टा चालतोय ना, एवढंच त्याने विचारलं. इंचपट्टी घाबरला होता हे खरं, पण घाबरणं हे अडाण्यांचं काम अशी त्याची समजूत असल्यामुळे त्याने स्वतःला ते कळू दिलं नाही. स्प्रिंगच्या हेलकाव्याने पट्टा तसा दिसत असणार, असं त्याने ठरवलं आणि झाकण लावून टाकलं. साहेब आले तेव्हा त्यांना काय दाखवायचं होतं ते तो बोललाच नाही. बारा वाजेपर्यंत पहिलं मैदान लख्ख झालं. साहेबांनी पाठ थोपटली.

घरी आला तेव्हा म्हातारा खुर्चीत बसला होता आणि त्याचा डावा हात गार पाण्याच्या टोपात बुडवलेला होता. पाणी काळपट झालं होतं. बायको सांगू लागली की दहा वाजल्यापासून हाताची आग आग होत होती आणि बाराला आपोआप थांबली. तळहातावर आडवा, काळा, गुळगुळीत पट्टा उमटला होता. म्हाताऱ्याने जावयाकडे पाहिलं. दोष दिल्यासारखं नाही, नुसतं पाहिलं.

कशाला तरी हात लावला असेल, म्हातारपणी सोसत नाही, असं म्हणून इंचपट्टीने जेवण वाढायला सांगितलं. पण दहा आणि बारा हे आकडे त्याला समजले होते. आकड्यांच्या बाबतीत त्याची कधीच गफलत होत नसे.

पुढचे तीन आठवडे त्याने रोज यंत्र चालवलं. तुटलेले तीन आखूड पट्टे पुराव्याला होते, यंत्र बिघडलंय हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य म्हणजे आपण हरलो अशी कबुली होती, आणि म्हाताऱ्याच्या एका हातापेक्षा त्याला ती जड वाटली. बामाच्या बाटल्या तेवढ्या त्याने न सांगता आणून दिल्या, आणि आपण किती समजूतदार आहोत याचं त्याला बरं वाटलं. साहेबांनी नेमणूक कायम केल्याचं पत्र दिलं. त्या संध्याकाळी तो पेढीवरच्या शेटसारखा पाय पसरून बसला असताना म्हातारा हळूच म्हणाला, "आता मी सोडतो."

काय सोडता, असं विचारायचे कष्टही इंचपट्टीने घेतले नाहीत.

सकाळी बायको चहा घेऊन गेली तर म्हातारा झोपेतच गेलेला होता. डावा हात पांघरुणाबाहेर उघडा पडला होता. तळहात धुतल्यासारखा कोरा होता.

सगळं उरकायला पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी, स्पर्धेच्या आदल्या दिवशी, इंचपट्टी पिशवीत एकशे अडतीसचा नवा पट्टा घेऊन शेडमध्ये गेला. आता लांब पट्टा घसरणार हे त्याने गृहीत धरलं होतं. ते त्याने कुणाला सांगितलं नसतं, पण आखूड पट्टा त्याने हाताशी काढून ठेवला. दहाला शाफ्ट सुरू झाला.

पट्टा फडफडला आणि घट्ट झाला.

इंचपट्टीला हायसं वाटलं. म्हाताऱ्याचा काही संबंधच नव्हता! उगाच तीन आठवडे तो थेरडा डोक्यात बसला होता. बामाचा वासही येत नव्हता. त्याऐवजी भांडी घासायच्या साबणाचा येत होता. तो कुठून येतो हे पाहायला त्याने झाकण काढलं नाही. बाराला काम संपवून तो शीळ घालत घरी आला.

बायको मोरीशी उभी होती. नळ चालू होता आणि ती डावा हात घासत होती.

"हे काळं निघत नाहीये," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दहापासून."

त्याने स्वतःचे हात पाहिले. ते स्वच्छ होते.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मैदान झकास झालंय, पण पाहुणे येणार आहेत, उद्या सकाळी सामन्याआधी एकदा हलका हात फिरवशील का? यंत्र ठीक आहे ना?

बायको त्याच्याकडे पाहत होती. तिने नळ बंद केला, म्हणजे त्याला नीट ऐकू यावं.

"ठीक आहे, साहेब," इंचपट्टी म्हणाला. "सातला सुरू करतो."

बायकोने कपाटाचा खालचा खण उघडला, आईची पांढरी पट्टी घडीतून काढली आणि तळहाताला तीन वेढे दिले. गाठ तिने उजव्या हाताने आणि दातांनी मारली. सवय असल्यासारखी ती पहिल्याच खेपेला बसली.

"सातला ना?" तिने विचारलं. "मग भांडी त्याआधी उरकायला हवीत."