पात्यांवरचं तेल

गच्चीवर जमलेल्या पोरांनी मोबाईल खिशात घातले, तेव्हा मच्छिंद्रनाना बोलू लागले. "राहात्याचा आदिनाथ तुमाला ठावा हाय. जुने कॅमेरे दुरुस्त करतो तो. त्याच्यासंगं घडलेलं सांगतो. गेल्या पौषातली अवस हुती."

त्या संध्याकाळी सोनईहून सत्यशीला दुकानात आली. उपरण्यात बांधलेला जुना कॅमेरा तिने सोडून टेबलावर ठेवला. तिचे वडील रंभाजी गावचे फोटोग्राफर. ते वारले तेव्हापासून कॅमेऱ्याचं शटर अडकलेलं.

"आईला सकाळी नगरला ऑपरेशनला न्यायचंय, दादा. तिचा एक फोटो न्हाई घरात. आबांनी सगळ्या गावाचे काढले. तिला मात्र म्हनायचे, उद्या काढू."

"मोबाईलवर काढा की."

"बसत न्हाई. त्यांच्याच कॅमेऱ्यापुढं बसनार म्हनती." तिने उपरणं पुढे केलं. "हेबी ठेवा, पन यानं काही पुसू नका. आबा काचेवर हाऽऽ करून यानंच पुसायचे. आमी अजून धुतलं न्हाई."

आदिनाथने उपरण्याची घडी केली, ड्रॉवरमध्ये ठेवली, कुलूप लावलं.

रात्री दार आतून लावून तो कामाला बसला. शटरमधलं जुनं, घट्ट झालेलं तेल त्याने पांढऱ्या पेट्रोलने धुऊन काढलं. नवं तेल सुईच्या टोकावर घ्यायचं आणि फक्त बारीक चाकांना लावायचं. शटरची उघडमीट करणारी पाती कोरडीच ठेवायची. शिकायला येणाऱ्यांना तो हेच बजावायचा. पण सकाळची घाई होती. सुईवरचा थेंब घसरला. पाचही पाती भिजली, एकमेकांना चिकटली आणि उघडीच राहिली.

पुन्हा धुवायची, तर पेट्रोलची बाटली संपलेली.

"दुसरी आणायची की," पोरांतली पंकजा म्हणाली.

"एवढ्या राती तुझा मामा दुकान उघडनार हुता का?"

पोरं हसली. नाना हसले नाहीत.

तेवढ्यात आदिनाथच्या दुकानातली लाइट गेली.

तो बसून राहिला. टेबलापलीकडे अंधारात...

हाऽऽ.

त्याने स्वतःचा श्वास रोखून पाहिला.

पुन्हा... हाऽऽ.

मग कापड. काचेवर फिरणारं. हळू. गोल... गोल...

"कोन हाय?"

कापड थांबलं.

पुढचं त्याच्या तोंडून आपसूक निघालं. "आबा... त्यांना सकाळी न्यायचंय."

काहीच नाही.

काहीच नाही...

खट्.

लाइट आली. दाराची कडी तशीच. शटर मिटलेलं. पाती कोरडी ठणठणीत. त्याने चाप दाबून पाहिला. पाती उघडली, अलगद मिटली.

उजाडता तो सोनईला पोचला, तेव्हा नगरची गाडी दारात उभी होती. सत्यशीलाची आई भागिरथीबाई खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला, काचेकडे टक लावून पाहिलं.

"पुसली का त्यांनी?"

आदिनाथने चाप दाबला.

"त्या वाचल्या का, नाना?"

"वाचल्या की. फोटो भिंतीवर हाय, जाऊन बघा." नाना उठले, जिन्यापाशी थांबले. "त्याच दुपारी उपरनं परत द्यायला आदिनाथनं ड्रॉवर उघडला. कुलूप तसंच हुतं. घडीबी तशीच. उलगडली, तर आत तेलाचा ओला डाग... पाच पात्यांचा."