मुठीतली मोहरी

दत्तजयंतीची संध्याकाळ. कीर्तनाला अवकाश होता, म्हणून स्वप्नील चांगोआबांकडे जीपची किल्ली मागायला गेला. दहिवलीच्या पुढच्या त्या गावात भजनी मंडळाची जीप कुणीही चालवो, किल्ली आबांच्याच खुंटीला असते.

"बुवांना स्टेशनावरनं आणायचंय, आबा. अध्यक्ष म्हनले, सजवलेली गाडीच ने."

"बस जरा."

"लोकल येल आता."

"येऊ दे. बुवाला पाय हायेत. बस म्हंतो ना!"

जीपला झेंडूच्या माळा बांधून मोकळी झालेली पोरंही ओट्यावर टेकली. जीपच्या दारावर ठळक अक्षरं आहेत : 'अडलेल्या बाळंतिणींसाठी मोफत सेवा'. डोंगरातल्या वाड्यांवर सरकारी गाडी चढत नाही, खाजगी परवडत नाही. म्हणून वर्गणी काढून मंडळानं ही जीप घेतली. पेपरात फोटो आला, त्यात सगळं मंडळ होतं. बाळंतीण एकही नव्हती.

"आधीचा डायवर नागू. त्यानं गाडी का सोडली, ठाव हाय?"

"कुंभिवलीला कंपनीत लागला ना?"

"ते नंतर. आधी सोडली."

आणि आबांनी सांगायला घेतलं.

दोन वर्षांमागं, याच रात्री, वरच्या वाडीतली आवडी अडली. फोन आला. पण नागू जीप घेऊन स्टेशनावर बुवांची वाट बघत उभा होता. माळा घातलेल्या गाडीत बुवांच्या आधी बाळंतीण कशी बसवायची, असं अध्यक्षांचं म्हणणं. शेवटी वाडीवाल्यांनी आवडीला झोळीत घातलं. वाडीखालच्या ओढ्यावरच्या मोरीपर्यंतच आली ती. तिथंच गेली, पोटातल्या जिवासकट.

बाळंतपणात गेलेली बाई अळवंत होते म्हणतात. ती गावात शिरू नये म्हणून वाटेवर मोहरी टाकतात. दाणा न् दाणा वेचल्याशिवाय तिला पुढं येता येत नाही. मंडळानं ते काम मात्र तातडीनं केलं. आवडीसाठी न गेलेली जीप दुसऱ्या दिवशी मोहरीचं पोतं घेऊन मोरीवर गेली. चालवत नागूच होता.

गेल्या वर्षी पुन्हा तीच तिथ. या वेळी त्याच वाडीतली सुंदरा अडली. नागूनं कुणाला विचारलं नाही. माळांसकट जीप काढली, सुंदराला आणि तिची सासू सोनुबाईला घेऊन उतरणीला लागला. टिपूर चांदणं पडलं होतं.

मोरीवर एक बाई बसलेली. वाकलेली. जमिनीवरचं काहीतरी वेचत होती.

नागूला कळलं. पाय ॲक्सिलेटरवर दाबायचा, मागं बघायचं नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. पण बाईनं मान वर केली. हात दाखवला. एकदा जिच्यासाठी गाडी गेली नाही, तिला दुसऱ्यांदा टाकून जाणं त्याच्यानं होईना.

तो थांबला.

मागचं दार उघडलं. लागलं.

"कोन बसली रं, नागू?" सोनुबाई म्हणाली.

आरशात दोघीच होत्या. पण मागून आवाज येत होता... मुठीत दाणे चाळवावेत तसा.

सुंदराचं कण्हणं थांबलं.

"सुंदरे? ए सुंदरे, बोल गं..."

काही नाही. फक्त दाणे...

देवळाच्या वळणावर अध्यक्ष हात पसरून रस्त्यात उभे. "नागू! आधी स्टेशन! बुवा ताटकळलेत!"

नागूचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला.

मानेवर हात पडला. गार. ओला.

सोनुबाईचे दोन्ही हात सुनेभोवती होते.

पकड आवळली. कानाशी श्वास...

"थांबू नको."

नागूनं गाडी दामटली. अध्यक्ष गटारात.

"म्हंजी अध्यक्ष लंगडत्यात ते..." एक पोरगा फिसकन हसला.

"गप रं."



कर्जतच्या दवाखान्यात सुंदरा सुटली. पोरगी झाली, दोघी जगल्या. शुद्धीवर येताच सुंदरानं विचारलं, "मला मागनं धरून बसलेली ती दुसरी बाई कुठं गेली?"

नागूनं त्याच रात्री किल्ली आबांच्या खुंटीला लावली.

"पन आबा," स्वप्नील हळूच म्हणाला, "तिची मोहरी? वेचून झाली का?"

आबांनी खुंटीकडं पाहिलं.

देवळाच्या कर्ण्यावर अध्यक्षांचा आवाज आला, "स्वप्नील, गाडी काढ!"

आबांनी किल्ली काढून दिली. स्वप्नील जीपपाशी गेला. माळा बाहेरूनच बांधल्या होत्या. गाडी सकाळपासून कुलूपबंद, काचा वर.

त्यानं दार उघडलं.

चालकाच्या सीटवर मोहरीचा ढीग होता. ओली मोहरी. नीट निवडलेली, एकही खडा नसलेली.