नाव काढ

हसायचं असेल तर आताच हसून घ्या, मग मधे कुणी फिदीफिदी करायचं नाही. आपल्या नीलेशचं हे. देवासच्या कारखान्यात नोकरी करून तो घरीच कॉम्प्युटरवर गाणी रेकॉर्ड करायचा.

दोन डिसेंबर २००४. सकाळच्या बसने तो धारला निघाला, तिथल्या म्हाताऱ्या भवानीबाईंना त्यांच्या ओव्यांची सीडी द्यायला. बाईंचा मुलगा मालोजी ऐन पंचविशीत गेलेला. शेवटच्या चार ओव्यांत त्या त्याचं नाव घ्यायच्या. गाऊन झाल्यावर नीलेशच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "बाळा, माझ्या मालोजीचं नाव काढ हो."

आपला पठ्ठ्या हिंदी शाळेतला. काढ म्हणजे हिंदीतलं 'निकाल दे', काढून टाक, एवढंच त्याला ठाऊक. आईला ते नाव ऐकवत नसेल, असं समजून त्याने पडद्यावरची आवाजाची रेष मोठी करून चारही ठिकाणचा मालोजी अगदी बेमालूम कापला. खिंडार कळू नये म्हणून तिथे कॉम्प्युटरमधल्या तयार पेटीचे सूर भरले. डिस्क भरली होती, तेव्हा मूळ रेकॉर्डिंगही पुसलं.

भवानीबाई आता अंथरुणाला खिळलेल्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि हळूच विचारलं, "काढलंस?"

"हां आजी, पूरा काढला. एक भी नाही सोडला."

त्यांनी कूस बदलली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

आठव्या दिवशी त्या गेल्या. नीलेश भेटायला गेला, तेव्हा त्यांच्या लेकीने, ताईने, सांगितलं, "अरे, नाव काढ म्हणजे नाव गाजव. तुझ्यामुळे तरी भाऊचं नाव लोकांच्या कानी पडेल, म्हणून आई गायली रे."

पोराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौदा डिसेंबरची रात्र. एक वाजून दहा मिनिटं. पुसलेलं परत मिळतं का, म्हणून त्याने सगळी डिस्क धुंडाळली. काही नाही. मग हेडफोन लावून ओव्या सुरू केल्या.

नावाची पहिली जागा आली. पेटी थांबली.

त्याने थांबवली नव्हती.

पडद्यावर रेष सरळ. पण कानात कुणीतरी श्वास घेतला... गाण्याआधी घेतात तसा. आणि वाट पाहिली...

दुसरी जागा. पुन्हा श्वास...

तिसरी...

चौथ्या जागी नीलेशलाच राहवलं नाही. "आजी, चुकलो," म्हणाला. मग रडत रडत हाक मारावी तसं म्हणाला, "मालोजी..."

पेटी सुरू झाली.

सकाळी त्याने पडदा पाहिला. तीन जागा तशाच रिकाम्या. चौथीत एक बारीकशी लाट उमटलेली. रात्री माइक जोडलेलाच नव्हता. त्याने ती लाट वाजवली. आवाज त्याचा नव्हता. भवानीबाईंचाही नव्हता. कुणा तरुण पुरुषाचा होता, हाकेला देतात तसा...

"ओ, आई."