चढावर सैल पडलेला दोर

ही हकीकत खरी आहे. ज्यांच्या बाबतीत ती घडली, ते गृहस्थ आजही तिच्याविषयी वाद घालत नाहीत; आणि त्यांना ओळखणाऱ्यांच्या दृष्टीने एवढा पुरावा पुरेसा आहे.

रविवारची भरदुपार. वस्तीपासून दूर, पत्र्याची एक बिनखिडकीची शेड.

हे गृहस्थ चष्म्याचे दुकान चालवत. पण हुज्जत घातल्याविना त्यांनी कधी काही विकत घेतले नव्हते, म्हणून सारे त्यांना ‘वकील’ म्हणत. स्वस्तातल्या, चमत्कारिक जुन्या गाड्या हुडकणे हे त्यांचे वेड. जाहिरातीतल्या या गाडीची दारे उलट्या बाजूने उघडत होती, आणि किंमत भंगाराची होती.

सोबत मेहुणा होता. मेकॅनिक. निघताना बायकोने बजावले होते, “गाडी आणा नाहीतर आणू नका. माझ्या भावाला तेवढा धडधाकट परत आणा.”

जुनी गाडी पाहताना वकील आधी बॉनेटवर तळहात ठेवत. थंड असताना सुरू व्हायला कुरकुरणारे इंजिन लबाड विक्रेते गिऱ्हाईक येण्यापूर्वीच तापवून ठेवतात, हे त्यांना ठाऊक होते.

त्यांनी हात ठेवला...

बॉनेट गरम होते.

“आम्ही यायच्या आधी चालवलीत ना?”

विकणारी बाई उंबऱ्याबाहेरच उभी होती.

“बॅटरीच नाहीये तिच्यात. फोनवर म्हणालात ना, चष्मे विकता? मग एक स्वतः लावा.”

मेहुण्याने बॉनेट उचलले. बॅटरीची जागा रिकामी. तारांवर कोळ्याची जाळी. त्याने इंजिनाला बोट लावले आणि चटकन मागे घेतले.

“भाऊजी, चला इथून.”

“उन्हानं पत्रा तापलाय, दुसरं काय?”

“उन्हानं इंजिन तापलं आणि दार गार राहिलं? दुकानात तुम्ही असलं ऐकून घ्याल?”

वकिलांना हार मानणे ठाऊक नव्हते. त्यांनी गरम बॉनेटचे निमित्त करून भाव आणखी पाडला. बाईने एका शब्दाने विरोध केला नाही.

“न्या. फक्त आत कुणाला एकट्याला बसवू नका.”

“मग ओढून नेताना स्टीअरिंग कोण धरणार? तुमचे तीर्थरूप?”

“त्याची काळजी नको,” बाई म्हणाली, आणि पाठ फिरवून निघून गेली.

वकिलांनी आपल्या गाडीमागे दोर बांधला. मेहुण्याला मागच्या गाडीत बसवले. एकट्याला.

सपाटीवर सारे ठीक होते. मग घाटाचा चढ लागला.

आता मागचे ओझे जाणवायला हवे होते...

जाणवले नाही.

वकिलांनी आरशात पाहिले. दोर सैल पडून रस्त्यावर घासत होता.

चढावर!

मागची गाडी जवळ येत होती. आवाज नाही. धूर नाही. मेहुणा दोन्ही हातांनी काच बडवत होता...

आणि स्टीअरिंग वळणाबरोबर अचूक वळत होते.

धक्का बसला. पाठोपाठ दुसरा. मागची गाडी त्यांना दरीकडे रेटत होती. वकिलांनी हँडब्रेक खेचला, उडी टाकली आणि दगडाने मागच्या गाडीची काच फोडून मेहुण्याला बाहेर ओढले.

“ब्रेकवर पाय ठेवला की कुणीतरी तो उचलायचं, भाऊजी,” तो म्हणाला. “हळूच... आणि बाजूला ठेवायचं.”

दोर कापून, गाडी तिथेच टाकून ते परतले. संध्याकाळी वकिलांनी बाईला फोन लावला. शिव्या तोंडाशी आल्या होत्या.

“ओरडू नका,” ती म्हणाली. “आली ती घरी. काच फोडायला नको होती तुम्ही. राग धरतं ते.”

मेहुणा धडधाकट आहे. दिसायला तरी. गॅरेजात मात्र तो कोणत्याही गाडीत एकटा बसत नाही.

परवा त्याने वकिलांना बोलावून घेतले. दुरुस्तीला आलेली एक साधी गाडी कोपऱ्यात उभी होती. इंजिन काढून बाजूच्या टेबलावर ठेवलेले.

“भाऊजी, बॉनेटला जरा हात लावून बघता?”

“ऊन लागलं असेल,” वकील म्हणाले.

गॅरेजात ऊन नव्हते.

वकिलांनी खिशातला हात बाहेर काढला नाही.